मामाचा सांधा

मिरामार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पणजीचा किनारा येतो. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनलाही एक मिरामार आहे. विमानतळाच्या पलीकडे, समुद्रात शिरलेल्या भूशिरावरचं साधं उपनगर. लाकडी बैठी घरं, पत्र्याची छपरं, दारापुढे छोटी बाग आणि दिवसभर वारा. या घरांच्या शेजारातच वेटा वर्कशॉप आहे, सिनेमांसाठी राक्षस, चिलखतं, तलवारी घडवणारा कारखाना. तिथे एकदा जायचंच, हे मी सोळा वर्षं मनात धरून होते.

२००३ साली मी पुण्यात हॉस्टेलवर राहत होते. एका मैत्रिणीच्या भावाने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाच्या विस्तारित आवृत्तीचा संच आणला होता. चार डीव्हीडी. दोनांत सिनेमा आणि उरलेल्या दोनांत तो कसा केला त्याची सगळी हकिगत. बाकीच्यांनी सिनेमा बघितला आणि संच परत द्यायला ठेवला. मी उरलेल्या दोन डीव्हीडी लावल्या आणि पहाटेपर्यंत उठले नाही. मातीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या कोरणारी माणसं, चिलखत ठोकणारा लोहार, भट्टीतून रबरी कान बाहेर काढणाऱ्या मुली. लोक नटांचे चाहते असतात, मी त्या रात्रीपासून या कारखान्याची चाहती झाले.

त्याला कारण होतं. माझं आजोळ पेणजवळच्या हमरापूरचं. तिथे घराघरात गणपतीचे कारखाने. मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही मामाकडे, आणि मामा कारखान्यात. माती, साचा, ओतकाम, सांधे घासणं, बॉडी कलर आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी, हे सगळं मी तिथे बसून बघितलेलं. ते डीव्हीडीमधले लोक जे करत होते ते मला परकं नव्हतंच. फक्त आमच्या कारखान्यातून भाद्रपदात गणपती बाहेर पडत होते आणि त्यांच्या कारखान्यातून राक्षस.

डिसेंबर २०१९ मध्ये जाणं जमलं, तेही मामाबरोबर. मामेबहीण वेलिंग्टनजवळ लोअर हटला राहते. तिच्या बाळंतपणासाठी मामी आधीच गेली होती, मामाला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. मामा तेव्हा बहात्तर वर्षांचा. कारखाना मुलगा बघतो. दोन वर्षांपूर्वी हाताला कंप यायला लागला तेव्हा मामाने आखणीची कुंचली स्वतःहून खाली ठेवली, कोणी सांगायची वाट बघितली नाही. मी टूरचं बुकिंग करताना एकच जागा घेत होते. मामा मागे उभा होता. म्हणाला, "माझं पण काढ गो बाय. बघू तरी लोक कसं काम करतात."

शहरातून दोन नंबरची बस मिरामारला जाते हे मला ठाऊक होतं. पण त्याच दोन नंबरची एक शाखा सीटूनला जाते, हे बस वळल्यावर कळलं. उतरलो आणि मागे चालत आलो. वेलिंग्टनच्या वाऱ्याबद्दल ऐकलं होतं, पण तो असा अंगावर चालून येतो याची कल्पना नव्हती. मामाने टोपी खिशात घातली आणि उपरण्याने कान बांधले. रस्त्याच्या कडेला पोहुतुकावाची झाडं लालभडक फुलली होती. मामा प्रत्येक झाडाखाली थांबून वर बघत होता आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. दहा मिनिटं आधी पोचलो.

दारातच तीन अजस्र राक्षस आहेत, 'हॉबिट' या सिनेमातले टॉम, बर्ट आणि विल्यम, दगड झालेले. मी त्यांच्यापुढे नुसती उभी राहिले. इतकी वर्षं फोटोत बघितलेली जागा पायाखाली असते तेव्हा काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. घसा दाटून आला होता, एवढं खरं. मामाने जवळ जाऊन एकाच्या मांडीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. पोकळ आवाज आला. मग तो वळसा घालून मागे गेला. बराच वेळ आला नाही म्हणून बघायला गेले, तर काखेखाली बोट फिरवत होता.

"काय बघतोस?"

"सांधा. इथून घेतलाय बघ. चांगला बुजवलाय."

ज्यांनी गणपतीचा कारखाना बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. साचा एकसंध नसतो, दोन किंवा जास्त तुकड्यांत असतो. ते तुकडे जुळवून आत माल ओतला की जिथे तुकडे एकमेकांना भिडतात तिथे मूर्तीवर बारीक रेघ उमटते. तो सांधा. कच्ची मूर्ती साच्यातून काढली की पहिलं काम तो खरवडून घासून नाहीसा करायचं. मामाच्या लहानपणी प्लास्टरचे साचे होते, त्यांचे तुकडे जास्त, म्हणून सांधेही जास्त. पुढे रबराचे साचे आले आणि ते काम कमी झालं. पण मामाची नजर अजून तशीच. कुठलीही मूर्ती, पुतळा, दुकानातली बाहुली दिसली की तो आधी मागे जातो.

आत गेल्यावर आमचा बारा-पंधरा जणांचा गट झाला. फोटो काढायला मनाई होती. काम चालू असलेल्या सिनेमांच्या वस्तू आत असतात, म्हणून. काही जण खट्टू झाले, मला मात्र ते बरंच झालं असं वाटतं. फोन पिशवीत गेला आणि डोळे मोकळे झाले. माहिती सांगणारी मुलगी स्वतः शिल्पकला शिकलेली होती. ती बोलायची, मी मामाला मराठीत सांगायची, आणि मामा एखादा प्रश्न विचारायचा तो मी तिला सांगायची. पुढे पुढे ती आमच्यासाठी जरा थांबायला लागली.

तिने सुरुवातीची गोष्ट सांगितली. १९८७ मध्ये रिचर्ड टेलर आणि तानिया रॉजर या जोडप्याने आपल्या राहत्या जागेच्या मागच्या खोलीत काम सुरू केलं. तेव्हा नाव होतं आरटी इफेक्ट्स. वेटा हे नाव पुढचं. वेटा हा तिथला एक किडा, नाकतोड्या-रातकिड्यांच्या कुळातला, काही जातींचे वेटे तर तळहाताएवढे मोठे. सुरुवातीच्या दिवसांत टेलर चक्क मार्गारिनमध्ये शिल्पं कोरत. आता या कारखान्याच्या नावावर पाच ऑस्कर आहेत. ती म्हणाली की आमच्याकडे आठ नंबरच्या तारेची गोष्ट सांगतात. शेताच्या कुंपणाची ही तार. देश जगापासून लांब, हवी ती वस्तू वेळेवर मिळत नसे, म्हणून शेतकरी त्या तारेनेच सगळं दुरुस्त करायचे. हे ऐकताना मला कोल्हापूर आठवलं. बाबूराव पेंटरांना कॅमेरा हवा होता, मिळेना, तेव्हा त्यांनी तो स्वतः बनवला. तेही मुळात चित्रकार आणि शिल्पकारच. सिनेमाची सुरुवात अशा हातांनी केलेली आहे आणि हे आपण फार कमी वेळा बोलतो.

मग चिलखताची जाळी हातात आली. मी याच क्षणाची वाट बघत होते. दिसायला लोखंड, आणि हातात घेतली तर हलकी. प्लास्टिकच्या नळीचे बारीक काप करून कड्या केलेल्या, प्रत्येक कडी हाताने दुसरीत अडकवून मिटवलेली, मग वर धातूचा मुलामा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिन्ही भागांसाठी मिळून १ कोटी २५ लाख कड्या जोडल्या. ज्यांनी ते काम वर्षानुवर्षं केलं त्यांच्या अंगठ्यावरचे ठसे झिजून गेले, असं ती म्हणाली. मी डीव्हीडीत हे ऐकलेलं होतं, पाठ होतं. पण एक कडी चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेली तेव्हा तिच्यावरची चीर दिसली. नळी कापल्यावर कडी जिथे उघडली आणि पुन्हा मिटवली, ती केसाएवढी चीर. पडद्यावर ही कधीच दिसणार नाही. तिच्या शेजारची चीर जरा तिरकी होती, त्याच्या पुढची पुन्हा सरळ. तिरकी कडी कोणीतरी दिवसाच्या शेवटी मिटवली असेल, हात दमलेले असताना. मी ती जाळी पुढच्या माणसाला द्यायला उशीर केला.

तलवारींपाशी मामा खूश झाला. एकाच तलवारीच्या तीन जाती असतात. चेहऱ्याजवळून चित्रण असेल तेव्हा लोहाराने घडवलेली खऱ्या पोलादाची. मारामारीसाठी ॲल्युमिनियमच्या पात्याची, हलकी म्हणून. आणि मागच्या गर्दीसाठी, घोड्यावरून पडायच्या दृश्यांसाठी रबरासारख्या मालाची, साच्यातून काढलेली. चिलखतांचंही तसंच. आधी एक खरं लोखंडी चिलखत ठोकून घडवतात, मग त्याचा साचा घेतात आणि त्यातून शेकडो नगांचं ओतकाम. मामा म्हणाला, "म्हणजे मास्टर पीस पहिला हाताचाच." पेणलाही हाच शब्द आहे. साचा ज्यावरून घेतात ती पहिली मूर्ती. तिच्यात चूक राहिली तर पुढच्या हजार मूर्तींत तीच चूक उतरणार, म्हणून मामा तिच्यावर महिनोन्‌महिने बसायचा. तिन्ही तलवारी मामाने हातात घेतल्या. तिसरीची धार अंगठ्याने चाचपली आणि मुठीपाशी थांबला. काही बोलला नाही, नुसता माझा हात धरून माझं बोट तिथे टेकवलं. सांधा होता.

हॉबिटचं, म्हणजे सिनेमातल्या बुटक्या, अनवाणी माणसाचं पाऊल तिने टेबलावर ठेवलं. केसाळ, रुंद, बोटं वेगवेगळी, नखांखाली मळही रंगवलेला. रबराचा चीक मिक्सरमध्ये घुसळून त्याचा फेस करायचा, तो साच्यात ओतून साचा भट्टीत ठेवायचा. तयार झाल्यावर ते पाऊल स्पंजासारखं मऊ लागतं, केकच्या भाजलेल्या कडेसारखं. सकाळी नटाच्या पायावर डिंकाने चिकटवायचं, संध्याकाळी ओढून काढायचं. काढताना ते फाटतंच, म्हणून दुसऱ्या दिवशी नवीन जोड. असे दीड हजारांहून जास्त जोड लागले. मी हे मामाला सांगितलं. तो पाऊल उलटसुलट करत म्हणाला, "एका दिवसाचे गणपती की गो." आणि मग तिला विचारायला सांगितलं, की उद्या फाटणार हे ठाऊक असताना नखातला मळ कशाला रंगवला? ती हसली नाही. जरा विचार करून म्हणाली की रंगवणारीला तो दिसत होता, म्हणून. मामाने मान हलवली. त्याला हे उत्तर पटलं. मलाही पटलं, आणि त्या दोन डीव्हीडींसाठी मी का जागले होते ते तिथे उभं राहून मला पहिल्यांदा शब्दांत ऐकायला मिळालं.

मामाचा दुसरा प्रश्न साच्याला माल चिकटू नये म्हणून आत काय लावतात हा. आमच्याकडे साबणाचं पाणी, तेल. तिने मेणासारखी वस्तू सांगितली आणि मालाप्रमाणे ती बदलते म्हणाली. गटातले बाकीचे तोवर पुढच्या बंदुकांकडे वळले होते. ह्या दोघांचं साच्यावरचं बोलणं मात्र चालूच, मध्ये मी. मला काही शब्दांना मराठी सुचेना, काहींना इंग्रजी. पण दोघंही हाताने दाखवत होते, माझ्यावाचून फारसं अडलं नाही.

फॉइलचं एक काम मला फार आवडलं. आपण पोळ्या गुंडाळतो तेच स्वयंपाकघरातलं फॉइल. ते चुरगळून त्याचा गोळा करायचा आणि ओल्या मातीवर दाबत जायचं. दोन मिनिटांत गुळगुळीत माती खडकासारखी दिसायला लागते, खाचा, कंगोरे, भेगा. थोडं कमी चुरगळलं तर झाडाची साल. लहान आकाराची शहरं, किल्ले, डोंगर करताना असे खडक लागतात. सिनेमातला हेल्म्स डीपचा किल्ला ३५ पट लहान करून बांधला होता, मिनास तिरिथ हे शहर ७२ पट लहान, आणि इतकं लहान करूनही ते शहर माणसाच्या कितीतरी वर जात होतं. म्हणून तिथे त्यांना मिनिएचर न म्हणता बिगेचर म्हणायचे.

पुढे यंत्रांची खोली. फोमचे ठोकळे कोरणारा रोबोटचा हात, थ्रीडी प्रिंटर. यंत्र चालू होतं आणि पांढरा भुगा उडत होता. मी इथून लवकर पुढे सरकले. कदाचित चुकत असेन, पण त्या यंत्रापाशी मला काही वाटलं नाही. मामाला मात्र वाटलं. त्याने यंत्राने कोरलेला तुकडा बघितला, त्यावरच्या पायऱ्यापायऱ्यांसारख्या रेघा बघितल्या आणि म्हणाला, "घासायला माणूस लागणारच." त्या मुलीनेही तेच सांगितलं, की यंत्रातून निघालेल्या प्रत्येक वस्तूवर शेवटचा हात माणसाचा फिरतो.

शेवटी काचेपलीकडे काम करणारी माणसं दिसली. एका बाईपुढे सिलिकॉनचं डोकं होतं. ती त्यात केस बसवत होती, एकेक. त्यासाठी शिवणाची सुई घेऊन तिचं नेढं वरून कापतात, म्हणजे दोन बारीक टोकं उरतात. त्या बेचक्यात केस धरायचा आणि कातडीत टोचायचा. सुई बाहेर येते, केस आत राहतो. टोचताना कोन महत्त्वाचा, कारण भुवईतला केस एका बाजूला झोपलेला असतो आणि कपाळावरचा वर उठलेला. तिने चार-पाच केस बसवले, मान मागे घेऊन बघितलं, एक उपटून पुन्हा बसवला. मामा काचेला नाक लावून उभा. त्याचा उजवा हात खाली, अंगठा आणि दोन बोटं जुळलेली, कुंचली धरल्यासारखी. तिच्या प्रत्येक टोचण्याबरोबर ती बोटं थोडी थोडी हलत होती. गट पुढे गेला. मी मामाला हाक मारली नाही. त्या बाईने वर बघितलं, त्याच्याकडे बघून मान लववली, आणि डोकं किंचित काचेकडे वळवून ठेवलं, त्याला दिसेल असं.

पाऊण तासाची टूर संपली. दुकानातून मी एक छोटी कडी घ्यावी असा विचार केला होता, पण जाळीतली ती तिरकी चीर डोळ्यांपुढे होती, त्यामुळे काही घ्यावंसं वाटलं नाही. मामाने विचारलं, "यांचं अजून काही बघायला मिळेल?"

मिळणार होतं. बंदरावर 'ते पापा' नावाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे २०१५ पासून पहिल्या महायुद्धातल्या, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईचं प्रदर्शन आहे, वेटाने संग्रहालयाबरोबर उभं केलेलं. त्यात आठ खऱ्या न्यूझीलंडकरांचे पुतळे, माणसाच्या २.४ पट मोठे. ते करायला २४ हजार तास लागले. तिथे राक्षस नाहीत, तलवारी नाहीत. बहुतेक दालनांत अंधारात एकच पुतळा, आणि त्याच्यावर प्रकाश. आपल्याला त्याच्याभोवती सगळीकडून फिरता येतं.

आम्ही पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. मामा भराभर पुढे गेला, सैनिक बघितले, घाम, दाढीचे खुंट, धूळ, आणि लॉटी ल गॅले या परिचारिकेपाशी येऊन थांबला. ती एका रुग्णालय-जहाजावर काम करत होती. तिचा भाऊ लढाईत होता. तिने त्याला लिहिलेली पत्रं तिच्याकडे परत आली, मारला गेला असा शेरा मारून. तीच पत्रं हातात घेऊन ती बसली आहे. डोळे लाल, पापण्या ओल्या, नाकाचा शेंडा रडून लालसर. कातडीचा रंग वरून लावलेला नाही, सिलिकॉनमध्ये थरांमधून आलेला, म्हणून आत रक्त असल्यासारखा दिसतो. खालच्या पापणीच्या कडेवर पाण्याची एक रेघ आहे, थेंब होऊन पडायच्या आधीची.

मी तिच्या समोर बसले. मामा मागे गेला. मला माहीत होतं तो काय बघतोय. कानामागे बघितलं, मानेवर केस सुरू होतात तिथे बघितलं, मनगट, बोटांच्या बेचक्या, जबड्याखाली. वाकता येईल तेवढं वाकून बघितलं. एक पूर्ण फेरी झाली, मग उलट्या दिशेने दुसरी. लोक येत होते, थोडा वेळ उभे राहून जात होते. काही जणी रडत होत्या. मामा तिच्या चेहऱ्याखाली येऊन उभा राहिला आणि त्या पाण्याच्या रेघेकडे बघत राहिला.

"ओलं कसं ठेवलंय गो हे?"

"माहीत नाही मामा."

"आखणी अशी पाहिजे."

सहाला संग्रहालय बंद होतं. पावणेसहाला रक्षक सांगायला आला. मामाने त्याला हात जोडले आणि मला म्हणाला, "उद्या परत येऊ."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दार उघडलं तेव्हा आम्ही पायऱ्यांवर होतो. मामाने मामीलाही आणलं होतं, आणि चष्मा बदलून जवळचा घातला होता. बारापर्यंत शोधलं. सांधा सापडला नाही.